हिंगाची डबी

खोलीचा पत्रा गळतो, एवढं एकच वाक्य सांगायला मी सरांकडे गेले होते. परत आले तेव्हा पत्रा गळणंच कसं योग्य आहे, हे मला पटलेलं होतं.

सर माझे घरमालक. मी बोरीची, नोकरी लागली ती जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी, मुलींच्या शाळेत. एकट्या बाईला खोली मिळणं तेव्हा सोपं नव्हतं. सरांनी दिली, पण देतानाच म्हणाले होते, "तकरार असली तर घरात बोलायची न्हाई. माझ्यापुढं बसून बोलायची." तर मी पुढ्यात जाऊन बसले.

"थांबा बाई," सर म्हणाले, "तुमचं म्हणणं आधी मी सांगतो. चुकलं तर सांगा. पत्रा गळायलाय, गादी भिजायलीय. दुसरं, तुमी एकट्या, वर चढून बघायला माणूस न्हाई. तिसरं, पोरींच्या वह्या तपासायला घरी आणता. त्या भिजल्या तर हेडबाई तुमालाच बोलणार. कबूल?"

वह्यांचं माझ्या डोक्यातही आलेलं नव्हतं. मी म्हटलं, "कबूल."

"आता घरमालकाचं ऐका. पावसाळ्यात पत्रा काढला तर तीन दिवस वरून उघडं. तुमी राहणार कुठं? आन पावसाळा संपल्यावर पत्रा गळतच न्हाई, मग बदलायचा कशाला? कबूल?"

मी दुसऱ्यांदा कबूल म्हटलं आणि उठून आले. मागोमाग काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, एक मोठं पातेलं घेऊन आल्या. "हे धरा थेंबाखाली. तुमी गेलाच कशाला त्यांच्याकडं? मला सांगायचं न्हाई का?" पुढची दोन वर्षं ते पातेलं माझ्या खोलीत होतं.

सर मुलांच्या शाळेतून इतिहास शिकवून निवृत्त झालेले. बारमाही गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट, डोक्यावर टोपी, बगलेत छत्री. आमच्याकडच्या उन्हाळ्यात लोक अंगावर बनियन ठेवायला तयार नसतात, तेव्हाही सर कोटात. लहानपणी निजामी शाळेत उर्दूत शिकल्यामुळे बोलताना दलील, सबूत, मुद्दई असे शब्द यायचे. त्यातला 'कबूल' सगळ्या गावाला पाठ होता. समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल असं सांगितल्याशिवाय आपलं तोंड उघडायचं नाही, हा त्यांचा कायदा. संस्कृतचे शास्त्री याला पूर्वपक्ष म्हणायचे, सर नुसतं "आधी समोरच्याचं" म्हणायचे.

घरातही सुटका नव्हती. "तुझं म्हणणं असं, की मेथी सांगितली होती आन मी अंबाडी आणली. मेथी निवडायला सोपी, अंबाडीला डाळ जास्त लागती. कबूल?" काकू चुलीपुढून म्हणायच्या, "कबूल. आता मेथी आणा." काकूंशी वाद घालून सर कधी जिंकल्याचं मला आठवत नाही. त्या आपली बाजू सांगायच्याच नाहीत, काम सांगायच्या.

सरांचं स्वतःचं मत काय, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. निवडणुकीत प्रत्येक पक्षाचा कार्यकर्ता सरांकडे यायचा, त्याच्या पक्षाचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं सरांच्या तोंडून ऐकायचा आणि मत पक्कं समजून जायचा. मी एकदा विचारलं होतं, "सर, तुमचं खरं मत काय आहे?" ते म्हणाले, "बाई, मत गुप्त ठेवायचं आसतं, मनून तर पेटीला कुलूप लावत्यात."

दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या ओसरीत सरांची सभा भरायची. त्या आठवड्यात पेपरात जे गाजत असेल ते सर पाटीवर खडूनं लिहायचे. मग कोटाच्या खिशातून हिंगाची रिकामी पिवळी डबी निघायची. तिच्यात दोन चिठ्ठ्या, एक 'बाजूनं', एक 'विरुद्ध'. ज्याला जी येईल ती त्याची बाजू, पोटात काहीही असो. बोलण्याआधी समोरच्याचं म्हणणं सांगून त्याच्याकडून कबूल म्हणवून घ्यायचं. सर पंच. हरणाऱ्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. चिठ्ठ्यांना हिंगाचा वास यायचा आणि तो वास हातावर सोमवारपर्यंत टिकायचा.

त्या डबीनं फार लोकांचे हाल केले. सगळीकडे खाजगीकरणाची चर्चा सुरू झाली तेव्हा यष्टीतल्या कंडक्टरला 'खाजगी गाड्या असाव्यात' ही बाजू आली. तो माणूस खाजगी जीपवाल्यांना शिव्या घातल्याशिवाय तिकीट फाडत नसे. पण उभा राहिला तो भडाभडा बोलत सुटला. "आमची जिंतूरची गाडी येळेवर सुटली तर लोकच घाबरत्यात, आज काय झालं मनून. खिडकीला काच न्हाई, काच आसली तर खिडकी न्हाई." अठरा वर्षं पोटात साठलेलं होतं ते. जिंकला. दुसऱ्या दिवशी स्टँडवर चार लोक जीपमध्ये बसायला निघाले. यानं अडवलं तर म्हणाले, "कंडक्टरसाहेब, तुमीच तर सांगितलं." तो महिनाभर सभेला आला नाही.

कापडवाले शेटजी होते. सरकारनं लोकांना घरबसल्या काही देऊ नये, या मताचे एकदम पक्के. त्यांना 'निराधार बायांना पगार द्यावा' हे आलं. पहिली पाच मिनिटं ते चाचरले. मग त्यांच्या दुकानासमोर झाडू मारणाऱ्या म्हातारीबद्दल बोलायला लागले आणि बोलता बोलता स्वतःच रडले. चहा दुसऱ्यानं पाजला तरी शेटजी रागात होते. "सर, हे काय बराबर न्हाई. माझ्याच तोंडातून काढलंत." पुढच्या रविवारी तोच विषय परत घ्या म्हणून अडून बसले. सरांनी घेतला, तर डबीतून पुन्हा तीच चिठ्ठी आली.

मी तिथं एकटीच बाई. "पातेल्यात पडणारे थेंब ऐकत बसण्यापेक्षा चला," असं म्हणून सरांनीच नेलं होतं. पहिल्या दिवशी सगळे जरा आवरून बसले. तिसऱ्या रविवारी मी हरले आणि चहा पाजला, तेव्हापासून कुणी आवरून बसेना.

एक विषय मात्र सरांनी कधी डबीत टाकला नाही. विद्यापीठाचं नामांतर व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती आणि तो वाद घराघरात होता. एका रविवारी कुणीतरी म्हणालं, "सर, एकदा नामांतर लिहा की पाटीवर." आमच्या भागाचे पोस्टमन तेव्हा ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते. ते यायचे, ऐकायचे, पण आत येऊन बसायचे नाहीत. अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत त्यांच्या मावशीचं घर जाळलं होतं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. सरांनी हातातला खडू खाली ठेवला.

"मी हरलो तर माझा चहा जातो," ते म्हणाले. "समोरच्याचं घर जात आसंल, तर त्याला वाद म्हणत न्हाईत. त्याला चिठ्ठी टाकायची न्हाई."

त्या दिवशी पोस्टमन आत येऊन बाकावर बसले. पुढे नेहमीच बसायचे. मला तेव्हा सरांचा अभिमान वाटला होता, आणि त्यांचं मत आता कळलं असंही वाटलं होतं. खरं तर ते त्यांनी तेव्हाही सांगितलं नव्हतं.

आता स्वेटरवाल्यांचं सांगते.

दिवाळी झाली की वाचनालयासमोरच्या मैदानात तिबेटी लोक यायचे. बांबू रोवून, वर ताडपत्री टाकून सात-आठ दुकानं मांडायचे. गाव त्यांना नेपाळी म्हणायचं आणि त्यांनी ते दुरुस्त करणं सोडून दिलं होतं. त्यांचा देश गेलेला, वस्ती कर्नाटकात कुठंतरी. आमच्या गावी ते थंडीचे दोन-अडीच महिने काढायचे आणि त्यावर त्यांचं वर्ष जायचं. पहिल्याच दुकानात रेषारेषांचा एप्रन बांधलेली एक पन्नाशीची बाई बसायची, सोबत तिची मुलगी. या मायलेकी नऊ वर्षं इथंच येत होत्या. बाई हिंदी बोलायची. मुलगी गिऱ्हाइकांकडून मराठी शिकली होती, त्यामुळे ती "लय गरम हाय, घ्या की" असं आमच्यासारखंच म्हणायची.

त्या वर्षी कापडवाल्यांनी नगरपालिकेला अर्ज दिला, की बाहेरच्यांच्या स्वस्त मालानं आमचा धंदा बुडतो, त्यांना मैदान देऊ नये. गावात दोन तट पडले आणि रविवारी सरांनी पाटीवर लिहिलं, 'स्वेटरवाल्यांना मैदान द्यावं का?'

त्या दिवशी वाचनालयाला नवं कपाट आलं होतं. त्याला फुलं वाहायला नगराध्यक्ष आले होते. ते सरांचेच विद्यार्थी. नारळ फोडल्यावर म्हणाले, "सर, थोडा वेळ बसतो. मला बी यावर निर्णय घ्यायचाय." बोलायचं होतं मी आणि एका निवृत्त तलाठ्यांनी. तलाठी तापानं आले नाहीत. सर कित्येक वर्षांत स्वतः बोलायला उभे राहिले नव्हते. पण जुना विद्यार्थी समोर खुर्चीत बसलेला, ओसरी भरलेली. सरांनी कोटाचं वरचं बटण चाचपलं आणि म्हणाले, "चला बाई. मी चिठ्ठी उचलतो."

मला आलं 'बाजूनं', सरांना 'विरुद्ध'.

मी फार वाईट बोलले. ते बिचारे, आपले पाहुणे, गरिबांना स्वस्तात स्वेटर मिळतात, असं काहीबाही. मग सर उठले. त्यांनी आधी माझी बाजू सांगितली, ती माझ्यापेक्षा कितीतरी नीट. "कबूल?" मी कबूल म्हटलं. मग त्यांनी आपलं सुरू केलं, आणि मी पस्तीस वर्षांच्या मास्तरकीचा आवाज पहिल्यांदा पूर्ण उघडलेला ऐकला.

"आज दहा माणसं आली, उद्या पन्नास येतील. विहीर तेवढीच हाय. दया करावी, पण घरच्या लेकराची तहान मारून करायची का? आन आलेला माणूस जायचं नाव घेत न्हाई. न्हाई गेला की शेजारी होतो, शेजारी झाला की वाटा मागतो. आज गोठा मागंल, उद्या दार मागंल. मग आपल्याच विहिरीवर आपण रांगेत उभं राहायचं. आपण वाईट माणसं न्हाई. पण विहीर आपली हाय."

मैदानाच्या वादात विहीर आणि गोठा कुठून आले, हे मला कळलं नाही. दाखल्यासाठी घेतले असतील, असं वाटलं. पण ओसरी पुढं सरकून ऐकत होती. शेटजींनी पहिल्यांदा टाळी वाजवली. नगराध्यक्ष उठून सरांच्या पाया पडले. मी चहा पाजला. सर घरी येताना रस्ताभर छत्री फिरवत होते.

बुधवारी मैदानात नोटीस लागली. सोमवारपर्यंत जागा खाली करायची.

सरांना ते गुरुवारी कळलं, आणि तेही कसं, तर ते काकूंसाठी शाल बघायला गेले होते. रंग निवडायला मला नेलं होतं. एप्रनवाल्या बाईनं शाली उलगडून दाखवल्या आणि अगदी सहज म्हणाली, "मास्टरजी, इतवार को आप बहुत अच्छा बोले. लड़की ने मेरे को सब समझाया. बाईजी से अच्छा बोले."

सरांनी छत्री खाली ठेवली.

"सोमवार को हम लोग जाएँगे," ती म्हणाली. "शाल अभी ले लो. अभी सब रंग है."

मी विचारलं, कुठं जाणार? मुलगी म्हणाली, "कुटं जाणार? दुसऱ्या गावी आमच्यातलेच लोक बसलेत आधीच. जागा न्हाई. माल घेऊन माघारी जावं लागंल." गठ्ठे अर्धेसुद्धा फुटलेले नव्हते. सरांनी शाल घेतली, कुठला रंग ते बघितलंही नाही. छत्री दुकानातच राहिली. ती मी मागून आणली.

संध्याकाळी पोस्टमन आले. एरवी पत्र टाकून पुढे जायचे, त्या दिवशी सायकल भिंतीला लावली.

"सर, एक बोलू का? तुमीच मनला होतात, समोरच्याचं घर जात आसंल तर चिठ्ठी टाकायची न्हाई."

"मनलो होतो."

"मग कामून टाकली?"

सर मग म्हणाले, "तो पोरगा समोर बसला होता. मला वाटलं, बगू दे, मास्तर अजून कसा बोलतो ते." हे त्यांनी इतक्या सरळ सांगितलं, की मलाच खाली बघावं लागलं.

पोस्टमन म्हणाले, "आन अजून एक. नामांतराच्या वक्ताला तुमी चिठ्ठी टाकली न्हाई, ते बेस केलं. पण तुमचं मत तवा बी सांगितलं न्हाई. मी बाकावर बसून वाट बघायलो होतो. आजूक बघायलोय." एवढं बोलून ते सायकल घेऊन गेले. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी सरांना जेवायला बोलावलं नाही. नोटिशीचं त्यांनाही त्याच दिवशी कळलं असावं.

शुक्रवारी आम्ही दोघं नगराध्यक्षांकडे गेलो. सरांनी निर्णय बदला म्हणून सांगितलं. ते सगळं कसंबसं, तुटक. त्यांना तसं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. नगराध्यक्षांनी नीट ऐकून घेतलं आणि आदरानं म्हणाले, "सर, आधी तुमचं म्हणणं सांगतो. हे लोक नऊ वर्षं यायलेत, कुणाला तरास न्हाई. दोन महिन्यांवर त्यांचं वर्ष हाय. मधूनच काढलं तर जायला जागा न्हाई. कबूल?"

"कबूल."

"आता माझं ऐका. आज दहा आली, उद्या पन्नास येतील. विहीर तेवढीच हाय." आणि त्यांनी सरांचं अख्खं भाषण सरांना म्हणून दाखवलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. हुशार विद्यार्थी असणार. "मी तर डळमळीत होतो सर. तुमीच पक्कं केलं. आता याला तोड सांगा, मी नोटीस काढून घेतो."

आयुष्यभर दुसऱ्याची बाजू भक्कम करण्यात गेलेल्या माणसाला स्वतःचीच दलील पाडता येईना. मला हसूही आलं, आणि त्या हसण्याची लाजही वाटली. परत येताना सर वाटेत थांबून म्हणाले, "बाई, कबूल मी कुणाला विचारलं त्या दिवशी?"

"मला."

"तुमी तर बोरीच्या."

रविवारी ओसरी खच्चून भरली. सरांनी पाटी पुसली आणि काही लिहिलंच नाही. डबी काढली नाही. म्हणाले, "आज समोरच्याचं सांगणार न्हाई. माझंच सांगतो."

कंडक्टरनं शेटजींकडे बघितलं. सर उभे होते, कोटाचं वरचं बटण उघडं होतं.

"मी सोळा वर्षांचा होतो. रझाकारांच्या भेवानं आमचं गाव उठलं. जिंतूरच्या वर आमचं खेडं. हद्द ओलांडून वऱ्हाडात गेलो. आई, दोन बहिणी, मी आन एक गाठोडं. तिथल्या पारावर गाव जमलं, या निजामातल्या लोकांना ठेवायचं का न्हाई ते ठरवायला. आमी समोरच बसलो होतो. एक माणूस उठला. लय चांगला बोलायचा तो." सर थांबले. "मागच्या रविवारचं भाषण माझं न्हाई. त्याचं हाय. मला ते पाठ होतं. चव्वेचाळीस वर्षं डोक्यात हाय ते, शब्दासगट. त्याला उत्तर काय द्यायचं ते मी इतकी वर्षं शोधायलोय. मनून तर हे सगळं. डबी बिबी. मला आजूक उत्तर सापडलं न्हाई."

शेटजींनी हळूच विचारलं, "मग तुमाला ठेवलं कसं गावानं?"

"वाद मिटलाच न्हाई. एक म्हातारी उठली. बोलली काहीच न्हाई. आमच्या आईचं गाठोडं उचललं आन चालायला लागली. आमी तिच्या मागं गेलो." सरांनी टोपी काढून परत घातली. "माझं मत, या लोकांना काढू नये. पोस्टमन, तुमाला द्यायचं उत्तर तर लयच उशिरा देतोय. विद्यापीठाला नाव द्यायला पायजे. तवाच मनायला पायजे होतं. झालं. मला पुढं बोलता येत न्हाई."

कुणी टाळी वाजवली नाही. पोस्टमन बाकावरून उठले आणि त्यांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला. कोण हरलं, ते कुणी विचारलं नाही.

पण नोटीस तशीच राहिली. सोमवारी सकाळी नगरपालिकेची माणसं आली आणि बांबू उपटायला लागली. शाळेला जाताना मी बघत थांबले होते. सर आले. नगरपालिकेच्या माणसांना काही म्हणाले नाहीत. एप्रनवाल्या बाईच्या पुढ्यातला सगळ्यात मोठा गठ्ठा त्यांनी दोन्ही हातांनी उचलला आणि चालायला लागले. गठ्ठा जड होता, सर सडपातळ. चार पावलांवर ते एका बाजूला कलले. मुलीनं पळत जाऊन दुसरं टोक धरलं. मग बाई उठली. मग बाकीचे. कंडक्टर ड्युटीवर निघाला होता, त्यानं खाकी कपड्यातच दोन गठ्ठे घेतले. शेटजी दुकानाच्या पायरीवर उभे होते. आले नाहीत, पण त्यांचा हमाल हातगाडी घेऊन आला आणि त्याला कुणी माघारी बोलावलं नाही. माझी शाळा त्या दिवशी बुडाली.

आठ दुकानं सरांच्या अंगणात मांडायची होती. सर दारात उभे राहून काकूंना म्हणाले, "तुझं म्हणणं असं, की न विचारता..."

"माझं म्हणणं ऱ्हाऊ द्या," काकू म्हणाल्या. "तुळस जरा बाजूला घ्या आन दोऱ्या बांधा." माझ्या खोलीसमोर लहान मुलांचे कानटोपे आले. त्या हिवाळ्यात मला दार अर्धंच उघडता यायचं.

पहिल्या दिवशी दिवेलागणीला विक्री थांबल्यावर सरांनी लाकडी खुर्ची आणली आणि एप्रनवाल्या बाईसमोर बसले. हातात शाळेची वही आणि पेन्सिल. मी आणि काकू ओट्यावर होतो.

"बहनजी," सर म्हणाले, "उस दिन मेरी गलती हुई. आपकी बाजू आपसे पूछी नहीं. अब मैं बोलता हूँ, आप सुनो. गलत हुआ तो बताओ." मग त्यांनी त्यांच्या दख्खनी हिंदीत सुरू केलं. तुमचा देश गेला. तुम्ही मेहनत करून खाता, कुणाचं फुकट घेत नाही. दोन महिन्यांची जागा हवी, तेवढंच मागणं आहे. आणि गरीब लोकांना तुमचा स्वस्त माल मिळतो, म्हणजे गावाचाही फायदा. सर जितकं जमेल तितकं नीट बोलत होते. शेवटी पुढे वाकून म्हणाले, "कबूल?"

नऊ हिवाळे दर रविवारी समोरच्या ओसरीतून तो शब्द तिच्या कानावर येत होता. त्याला काय उत्तर द्यायचं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं मान हलवली.

"नहीं, मास्टरजी."

सरांची पेन्सिल वर राहिली. माझ्या आठवणीत त्यांना कुणी नाही म्हटल्याची ही पहिलीच वेळ.

"इतवार को बाईजी भी बोली माल सस्ता. वो सेठ भी बोला माल सस्ता. आज आप भी बोले." तिनं शेजारच्या ढिगातून एक स्वेटर ओढला, उलटा केला, आतली वीण सरांच्या डोळ्यांपुढे धरली आणि बोटानं ताणून दाखवली. "सस्ता नहीं है. अच्छा है."

सरांनी चष्मा वर केला. ती वीण त्यांनी पुष्कळ वेळ बघितली, हातानं चाचपली. मग वहीत लिहिलेलं सगळं खोडलं आणि म्हणाले, "कबूल."